वृद्धाश्रमात दर गुरुवारी जाणाऱ्याच्या नोंदी (आणि पितृपक्षातल्या खिरीबद्दल थोडं)

माडाखालचा

गणपती गेले, आता पितृपक्ष. गेल्या आठवड्यात इथे कोणीतरी विचारलं होतं, "वडिलांच्या तिथीला वृद्धाश्रमात जेवण द्यायचंय, कणकवली-कुडाळच्या बाजूला कुठे सोय होईल?" पत्ते देणारे भराभर प्रतिसाद आले. मला जे लिहायचं होतं ते तिथे मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

मी बँकेतून निवृत्त होऊन गावी आलो. गेली चार वर्षं दर गुरुवारी दुपारी तीन ते साडेपाच आमच्या तालुक्यातल्या एका वृद्धाश्रमात जातो. नाव देत नाही, कारण खाली काही कुरबुरीही आहेत. तीसेक माणसं राहतात. निम्मी चालती-फिरती, आठ-दहा अंथरुणाला खिळलेली, उरलेली मधली.

तर खीर. त्या पंधरा दिवसांत आमच्याकडे इतकी खीर येते की मावशी लोक तिला कंटाळतात. वर्षभर वरण-भात-भाजी, आणि अचानक एकाच दिवशी दोन घरचं जेवण. दोन वर्षांपूर्वी एक यजमान मुंबईहून जेवण घेऊन निघाले होते. "आमचं पान वाढल्याशिवाय कोणाला जेवायला देऊ नका" असा निरोप. गाडी लेट. साडेबाराची पंगत दीडवर गेली. एका अण्णांनी सकाळी इन्सुलिन घेतलेलं. मी त्या दिवशी गुरुवार नसताना मदतीला गेलो होतो. बघतो तर अण्णा घामाने डबडबलेले, हात थरथरतायत, आणि भर दुपारी "दिवा लावा, दिवा लावा" म्हणतायत. मला वाटलं, म्हातारपणाची बडबड. सिस्टरने बोट टोचलं, साखर ५४, म्हणजे फारच खाली. शुद्धीवर होते म्हणून तिने पाण्यात तीन चमचे साखर ढवळून घोट-घोट पाजली, पंधरा मिनिटांनी परत बोट टोचलं, मग साधा वरण-भात भरवला. यजमान पावणेदोनला पोचले. अण्णांच्या पानाशेजारी बसून फोटो हवा होता त्यांना.

पंगत उठल्यावर कोपऱ्यातली एक आजी माझ्याकडे बघून म्हणाली, "आमका कावळे समाजतत हे." हसली. मलाही हसू आलं, पण घरी येऊन झोप लागली नाही.

जेवण देऊ नका असं म्हणत नाही. तिथीचं द्यायचं तर आधी फोन करून त्यांच्या वेळेत, त्यांच्या स्वयंपाकघराला विचारून द्या, आणि कशाचं जेवण आहे ते ताटावर बसून सांगू नका. त्यांना कळतं. त्यांनीही आयुष्यभर कावळ्यांना वाड्या ठेवल्यात.

आता माझ्या चुका, म्हणजे इतरांवर बोलायचा हक्क मिळेल. पहिल्याच महिन्यात अर्धांगवायू झालेल्या एका गृहस्थांना खाटेवरून उठवायला मी हात धरून ओढलं. लुळा हात. खांदा दुखावला, महिनाभर शेकत होते. एका शब्दाने बोलले नाहीत, म्हणून जास्त लागलं. नंतर सिस्टरने शिकवलं: चाकाच्या खुर्चीचे ब्रेक आधी लावायचे, पायठेवणं वर करायचं, खुर्ची त्यांच्या चांगल्या बाजूला आणि आपण अधू बाजूला. काखेत हात घालून उचलायचं नाही. आणि मुळात सिस्टर किंवा मावशी हजर नसताना कोणाला उठवायचंच नाही, म्हाताऱ्याने कितीही गळ घातली तरी.

दुसरी चूक, सगळ्यांना "आजी", "आजोबा" म्हणत सुटलो. एक बाई चाळीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. तिसऱ्या गुरुवारी म्हणाल्या, "मला नातवंडं नाहीत. आजी कोणाची?" आता सगळे त्यांना बाई म्हणतात. जवळच्या खाटेवरचे मास्तर, त्यापलीकडचे तांडेल. ते आयुष्यभर मालवणच्या बंदरातून होडी नेत होते, त्यांना 'आजोबा' म्हटलं की ऐकूच येत नाही. विचारायला काय जातं, "तुम्हाला काय म्हणू?"

---

रात्रपाळी

मी अशाच एका ठिकाणी नर्स आहे. रत्नागिरी जिल्हा, एवढंच सांगते. धाग्याबद्दल आभार, आम्ही हे बोललो की "सिस्टर खडूस" होतो.

भरवण्याबद्दल माडाखालच्यांनी लिहिलं नाही, ते लिहिते. येणाऱ्या लोकांना भरवायची फार हौस असते, प्रेमाने असते, आणि मला सगळ्यात भीती त्याचीच वाटते. पक्षाघातानंतर किंवा विसरभोळेपणाच्या आजारात गिळण्याची क्रिया मंदावते. घास घशात न जाता श्वासनलिकेत जातो. ठसका लागला तर निदान कळतं तरी, काहींना ठसकाही लागत नाही, दोन दिवसांनी ताप आणि न्यूमोनिया. म्हणून: पाठ ताठ, बसवूनच. हनुवटी किंचित खाली. लहान चमचा. पहिला घास गिळलाय हे बघून दुसरा. तोंडात घास असताना बोलायला लावायचं नाही. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. साधं पाणी तर सगळ्यात अवघड, पातळ असतं म्हणून झरकन चुकीच्या वाटेने जातं. काही जणांना आम्ही पाणी दाट करून देतो. तुम्हाला ते माहीत नसणार, म्हणून "तहान लागलीय" म्हणाले तरी आम्हाला हाक मारा.

आणि आपल्याकडचं खाणं. बांगड्याचा काटा, फणसाचा गरा, तळहातात चिकटणारा मोदक, शिरवाळ्या. सगळं आठवणीचं, सगळं घशात अडकणारं. सुकट आणि खारा बांगडा बीपी-हृदयवाल्यांना मिठामुळे नको. शहाळं तर सगळे बिनधास्त आणतात, "नैसर्गिक आहे, काय होतं?" मूत्रपिंडं कमजोर असतील तर शहाळ्यातलं पोटॅशियम रक्तात साचतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. आमच्याकडे तीन जणांच्या खाटेवर "शहाळं नको" अशी चिठ्ठी आहे. चिठ्ठी वाचून लोक म्हणतात, "थोडंसं, दोन घोट."

पायाची नखं कापू नका. डायबेटिसच्या पायाला लागलेलं कळत नाही, बारीक जखमेचं काय होतं ते मी रोज बघते. तेल चोळायचं असेल तर विचारून, सुजलेली पोटरी कधीच चोळायची नाही. आणि तळपायाला तेल लावून तसंच उभं करायचं नाही, लादीवर सरकतात. कोणी पडलंच तर उचलू नका. उशी द्या, पांघरूण घाला, आम्हाला बोलवा. कमरेचं हाड मोडलं असेल तर तुमच्या उचलण्याने दुप्पट काम होतं.

क्रोसिनसुद्धा नाही. पर्समधली तर नाहीच नाही.

---

चाकरमानी_परळ

राग मानू नका, पण धागा वाचून असं वाटलं की आम्ही मुंबईकरांनी यायचंच नाही. आम्ही वर्षातून दोनदा येतो, गणपतीला आणि शिमग्याला. त्यात एक दिवस काढून जेवण देतो, तर त्यालाही नावं. मग काय, नुसता चेक पाठवायचा?

---

माडाखालचा

@चाकरमानी_परळ, चेक पाठवलात तर संस्थेला आवडेलच. पण खरं सांगतो, आमच्याकडे सगळ्यात आधी संपतं ते काय माहितीये? मोठ्यांचे डायपर आणि ऐकायच्या यंत्राचे सेल. गेल्या जुलैत सेल संपले आणि पंधरा दिवस एक आजोबा बहिरे होऊन बसले होते, कोणाच्या लक्षात नाही. सगळ्यांना वाटलं रुसलेत. महिन्याला सेलची दोन पाकिटं पोस्टाने पाठवणारा मुंबईकर मला पंगतीपेक्षा प्यारा आहे.

दुसरं, फोन. पुण्याची एक मुलगी दर रविवारी अकराला आमच्या तांडेलांना फोन करते. नात्याची नाही. एकदा आली होती, ओळख झाली, ऑफिसात विचारून वेळ ठरवली. दहा मिनिटं. वारं कुठलं, समुद्र कसा, एवढंच. पावणेअकरापासून तांडेल केस विंचरून फोनजवळ बसतात. एका रविवारी तिने विसरून केला नाही, तर सोमवारी जेवले नाहीत. म्हणून सुरू करण्याआधी विचार करा, झेपणार नसेल तर महिन्याचा एक सांगा, पण सांगाल तो पाळा.

---

सड्यावरचा_वारा

चाकरमान्यांवर सगळं ढकलू नका हो. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी घटली होती. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका. म्हणजे पुरुष मुंबईत, बायका आणि म्हातारी माणसं गावात. पूर्वी शेजारची सून डोकवायची, आता शेजारचं घरही बंद. आमच्या वाडीत सतरा घरं, दिवा लागतो सहा घरांत. वृद्धाश्रम वाढणारच, आणि तिथे जायला गावात हात कमीच असणार.

---

एनेसेस_कॅम्प

मी दापोलीत कॉलेजला आहे. आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या युनिटने वृद्धाश्रमात कार्यक्रम ठेवलाय. चाळीस जण, दोन तास, गाणी, एक नाटुकलं आणि फळवाटप. रिपोर्टसाठी फोटो लागतात. काय काळजी घ्यावी?

---

माडाखालचा

चाळीस एकदम नको. खाटांमधून चालायला जागा नसते, आणि कुठल्या खाटेशी थांबायचं ते कोणालाच कळत नाही. आठ-आठ जणांचे पाच गट करा, पाच शनिवार. सर ऐकणार नाहीत, माहीत आहे. निदान मोठा स्पीकर आणू नका, यंत्र लावणाऱ्यांच्या कानात तो किंचाळतो. सर्दी-ताप असलेल्याने त्या दिवशी घरीच राहायचं, आत शिरताना साबणाने वीस सेकंद हात धुवायचे, आणि पावसाळा असेल तर छत्र्या व्हरांड्यातच ठेवायच्या. आमच्याकडे ओल्या लादीवर एक बाई घसरल्या त्या एका पाहुण्याच्या छत्रीच्या थारोळ्यावरच.

फोटोबद्दल जरा सविस्तर सांगतो. आमच्याकडे एक गृहस्थ होते, लांज्याकडचे. भावकीत सांगून आले होते की "थोरल्याकडे मुंबईला जातोय". तीन वर्षं ते गुपित सांभाळलं. मग एका ग्रुपने फळवाटपाचे फोटो फेसबुकवर टाकले, "अनाथ आजी-आजोबांसोबत काही क्षण". हातात केळं घेतलेले हे गृहस्थ पहिल्याच फोटोत. चार दिवसांत गावभर. थोरल्याचा फोन आला, मोठ्या आवाजात. नंतर ते खोलीतून बाहेर येईनात, कोणी पाहुणे आले की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. गेल्या वर्षी गेले.

अनाथ तर नव्हतेच. दोन मुलगे होते त्यांना.

रिपोर्टसाठी हॉलचा, रांगोळीचा, तुमच्या गटाचा फोटो घ्या. राहणाऱ्यांपैकी कोणी हौसेने "माझा काढ" म्हणालं तर काढून त्यांनाच छापून द्या. मानेने "हो" म्हटलं म्हणजे होकार असं धरू नका, बरेच जण पाहुण्याला नाही म्हणायचं नाही म्हणून हो म्हणतात.

---

आईची_लेक

मी सहसा फक्त वाचते. माझी आई दीड वर्षं अशा ठिकाणी आहे. तिला स्मृतिभ्रंश आहे. मी ठाण्याला नोकरी करते, नवरा नाही, मुलगा बारावीला. तिने रात्री दोनदा गॅस सुरू ठेवला, तेव्हा निर्णय घेतला.

मागच्या शिमग्यात भेटायला गेले, तर तिथे सेवेला येणाऱ्या एका काकू माझ्यासमोर म्हणाल्या, "मुलगी असून असं ठेवतात, काय जमाना आलाय." मी बाथरूममध्ये जाऊन रडले. दुसऱ्या वेळी कोणीतरी आईला माझा नंबर लावून दिला, मी मीटिंगमध्ये होते, उचलला नाही, आणि तिला वाटलं मी मेले. ती रात्रभर ओरडत होती, असं सिस्टरांनी सांगितलं.

सेवा करा. पण आम्हाला नापास करायला येऊ नका.

---

माडाखालचा

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. "मुलं काय करतात?" हा प्रश्न मीही सुरुवातीला विचारायचो. सोडला. घरून फोन लावून देणं हे तर सिस्टर किंवा व्यवस्थापकांचंच काम, आपलं नाही.

---

बोंडूची_भाजी

स्मृतिभ्रंश असलेल्यांशी बोलायचं कसं? मी एकदाच गेले होते. एक आजी सारखं "माका घराक जावचा आसा" म्हणत होत्या, मला काही सुचलंच नाही.

---

माडाखालचा

हे मी मावशींकडून शिकलो. पाच वाजायला आले, उन्हं कलली की एक आजी रोज दार धरून उभी राहते. "माका घराक जावचा आसा. गुरां पावसात असतली." पहिल्यांदा मी शहाण्यासारखं सांगितलं, आजी, आता तुमच्याकडे गुरं नाहीत, घरही भाच्याने घेतलं. तिने मला चापट मारली, आणि मग हुंदके देऊन रडली. तिच्या लेखी गुरं त्या क्षणी मेली होती, माझ्यामुळे.

दुसऱ्या गुरुवारी तीच वेळ, तेच दार. मावशी ओले हात पदराला पुसत आल्या, दाराच्या दुसऱ्या बाजूला टेकून उभ्या राहिल्या. "किती गुरां गो तुझी?" "तीन. एक गाभण आसा." "गाभणीक काय घालतंस?" मग पेंड, कोंडा, भाताची पेज, कुठल्या गवताने दूध आटतं, सगळं आलं. बोलता बोलता हात कडीवरून सुटला. मग मावशी म्हणाल्या, "चाय पिऊन मगे बघूया." आजी चहाला बसली.

"मला ओळखलंत का?" हा प्रश्न कधीच विचारू नका. ती परीक्षा आहे आणि त्यात ते नापास होणार हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं. जाऊन सरळ सांगायचं, "मी गुरुवारवालो." समोरून यायचं, त्यांच्या नजरेच्या उंचीला बसायचं, आवाज चढवायचा नाही, सावकाश बोलायचं.

---

तर्कतीर्थ_नाही

हे खोटं बोलणं नाही का? गुरं आहेत असं भासवणं?

---

रात्रपाळी

@तर्कतीर्थ_नाही, परत वाचा. मावशी "गुरं आहेत" असं एकदाही म्हणाली नाही. तिने विचारलं. आम्हाला ट्रेनिंगमध्ये पानंच्या पानं शिकवतात ते ती दाराला टेकून करते.

---

पाटाचं_पाणी

जरा नाजूक विचारतो. मी जातो तिथे एका आजोबांच्या दंडावर काळे-निळे डाग दिसले. आणि एका बाईंचा हात रात्री खाटेला बांधतात असं शेजारची म्हणाली. काय करायचं? गप्प बसवत नाही.

---

रात्रपाळी

गप्प बसू नका, पण पहिल्याच दिवशी फेसबुकवरही जाऊ नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर नुसतं दंडाला धरून उठवलं तरी डाग येतात. म्हाताऱ्या कातडीचं तसंच. आधी तारीख-वार लिहून ठेवा, काय बघितलं आणि काय ऐकलं ते वेगवेगळं. मग इनचार्ज सिस्टरला सरळ विचारा. डाग कशाने हे तिला सांगता आलं पाहिजे, आणि हात बांधायला डॉक्टरचं लेखी कारण लागतं, "रात्री स्टाफ कमी असतो" हे कारण नाही. उत्तर टाळलं किंवा दुसऱ्या भेटीत नवीन डाग दिसले, तर १४५६७. ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फुकट. जीवाला धोका वाटला तर थेट ११२.

---

माडाखालचा

यालाच जोडून पैशाचं. मी बँकेतला हे कळल्यावर एका आजोबांनी मला कोपऱ्यात नेऊन एटीएम कार्ड आणि चिठ्ठीवर लिहिलेला पिन दिला. "दोन हजार काढून हाड (आण), ह्यांका सांगा नको." मी कार्ड त्यांच्याच खिशात परत घातलं, पिनची चिठ्ठी त्यांच्यासमोर फाडली आणि त्यांना घेऊन ऑफिसात गेलो. चार गुरुवार माझ्याशी बोलले नाहीत. पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत, भेट म्हणून सोन्याची अंगठी काढून दिली तर अजिबात नाही. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही तर नकोच.

कोणी सांगितलं की "मुलान घर लिवन घेतल्यान आणि हय आणून सोडल्यान", तर ऐकून घ्या, वकील होऊ नका. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात यावर कलम आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ केला नाही तर परत मागता येते, त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करायचा असतो. एवढी माहिती व्यवस्थापकांसमोर द्यायची. अर्ज करायचा की नाही हे त्या म्हाताऱ्याने ठरवायचं. आमच्याकडच्या एकाने सगळं समजून घेतलं आणि म्हणाला, "नको. झील उपाशी मरात." (मुलगा उपाशी मरेल.)

---

चाकरमानी_परळ

वर चिडून लिहिलं होतं, सॉरी. सेलचा नंबर कोणता लागतो ते कळवा. आणि दिवाळीनंतर मी कायमचा गावी येतोय. गुरुवारी आलो तर चालेल का?

---

माडाखालचा

सेल दोन वेगवेगळ्या नंबरांचे लागतात, व्यक्तिगत निरोपात कळवतो. मलाही घेताना ओळखपत्र आणि पोलीस पडताळणीचा दाखला घेतला होता, तुम्हालाही मागतील, वाईट वाटून घेऊ नका. पहिले दोन महिने नुसतं माझ्याबरोबर बसायचं.

काम तयार आहे. बाईंना आता डोळ्यांनी नीट दिसत नाही, रोजचा पेपर मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस हवाय. तीन जण येऊन पळाले. 'ण'चा 'न' केलात तर त्या थांबवतात आणि वाक्य पहिल्यापासून वाचायला लावतात. परवा अग्रलेखाला पाऊण तास लागला.